करंगळी

आमच्या शाळेत तोंडानं परवानगी मागायची सोय नव्हती. करंगळी वर करायची. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत असले की करंगळी तशीच ताटकळायची आणि बाकाखाली पायाला पायाची मिठी घट्ट होत जायची. आता साठी उलटली. बाक गेला, गुरुजीही गेले. पण आत कोणीतरी अजून करंगळी वर करतंच.

हे कोणीतरी म्हणजे मूत्राशयाचं अस्तर. दीड-दोनशे मिलिलिटर साठलं की ते ताणलं जातं आणि एटीपी नावाचं रसायन सोडतं. शेजारच्या मज्जातंतूंना कळतं, पोरगं उठू बघतंय. हे एटीपी विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचं इंधन म्हणून भेटलं होतं. ते निरोप्याचंही काम करतं असं जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ साली मांडलं, तेव्हा जाणकारांनी हसण्यावारी नेलं. चुलीतलं सरपण कुणी चिठ्ठी लिहायला वापरतं का? नव्वदच्या दशकात हा निरोप झेलणारी प्रथिनं हाती लागली, तेव्हा हसणारे गप्प झाले.

निरोप पाठीच्या कण्यातून वर मेंदूच्या बुडाशी जातो. तिथलं हे ठाणं बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवर प्रयोग करून शोधलं. पण शेवटचा होकार मोठ्या मेंदूचा, म्हणजे गुरुजींचा. तो मिळेपर्यंत नॉरअ‍ॅड्रिनलिन पिशवी सैल आणि तिचं तोंड घट्ट ठेवतं. होकार मिळाला की अ‍ॅसिटिलकोलीन येतं आणि पिशवी पिळून काढतं. अर्थात गुरुजींचाही धाक कुठवर? वाटभर निमूट असलेला जीव घराच्या कुलपात किल्ली गेली रे गेली की बंड करतो. ‘लघुशंका’ म्हणणाऱ्यानं ती घटका अनुभवली नसावी. तिथे शंकेला जागाच नसते.

गेल्या पावसाळ्यात सर्दी झाली होती. घरातली जुनी गोळी घेतली आणि एसटीत बसलो. मधल्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. मुतारीत उभा राहिलो. करंगळी वर होती, गुरुजींचा होकारही होता. पण दार उघडेना. मागे रांग. एकानं घसा खाकरला. दुसरा म्हणाला, “काका, झोपलात काय?” मी समोरच्या भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात पत्त्यासकट पाठ केली. कसंबसं चमचाभर झालं.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, “प्रोस्टेट वाढलंय ना तुमचं? मग सर्दीची गोळी मनानं कशी घेतलीत?” नाक वाहायचं थांबवणाऱ्या काही जुन्या गोळ्या अ‍ॅसिटिलकोलीनलाही वाटेत अडवतात. म्हणजे गळकं नाक बंद करायला गेलो आणि भलताच नळ बंद करून बसलो.

पण हे कळलं नंतर. त्या वेळी मी छत्री सावरत गाडीकडे धावलो. कंडक्टर दारातच उभा होता. “चला काका, तुमच्यासाठीच खोळंबलोय.” त्यानं दोरी दोनदा ओढली, टण टण झालं, गाडी फाटकाबाहेर पडली. आणि आत पुन्हा करंगळी वर झाली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मैलाचे दगड मोजू लागलो. गुरुजी फळ्याकडे बघायचे, अगदी तसा.