टॉप किती मारली?

‘टॉप किती मारली?’ असं विचारणाऱ्या समस्त हितचिंतकांस,
मुक्काम पोस्ट : शहरातले सगळे सिग्नल, पेट्रोल पंप आणि घाटातल्या चहाच्या टपऱ्या.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यामुळे आपणा सर्वांना होणारा मनस्ताप आता मला बघवत नाही. ९९८ सीसीचं इंजिन, दोनशेच्या घरातली अश्वशक्ती, शंभरचा वेग गाठायला जेमतेम तीन सेकंद, आणि अशा गाडीवर बसलेला पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ शहरातून पन्नासने नि हायवेवरून ऐंशीने जातो, हे पाहून आपल्या काळजाचं पाणी होतं याची मला कल्पना आहे. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला पल्सरवाला चिरंजीव “काका, गाडी मुलाची का?” असं विचारतो, तेव्हा त्याच्या आवाजात टिंगल नसते, निखळ करुणा असते. सोसायटीचे सेक्रेटरी “ऐंशीनेच चालवायची होती तर अ‍ॅक्टिव्हा काय वाईट होती?” म्हणतात, तेही माझ्या भल्यासाठीच. प्रत्येकाला सुटं उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना मिळून एकच खुलासा करावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आरोपाचं गांभीर्य नोंदवू. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये देशभरासाठी कमाल वेगमर्यादा जाहीर केल्या. मोटारसायकलला पालिका हद्दीत ताशी ६० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०. त्याच चौपदरी रस्त्यावर मोटारींना १००. स्थानिक पाटी याहून कमी सांगू शकते, आणि घाटात सांगतेच. इकडे माझी गाडी पहिल्या गिअरमध्येच १४० च्या पुढे जाते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मला दुसरा गिअर टाकण्याचं कारणच नाही. उरलेले पाच गिअर मी कोरे करकरीत ठेवले असून मृत्युपत्रात मुलांच्या नावे करणार आहे. मुलं दोन आहेत. पाचाची वाटणी कशी करायची, ते वकील बघतील.

“मग एक्स्प्रेसवेवर काढा ना!” हा आपला लाडका सल्ला. शिरसावंद्य! फक्त एक छोटीशी अडचण आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. मुंबईच्या कोस्टल रोडवर बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, तर तिथेही बंदी. थोडक्यात, या राज्यात वेगासाठी म्हणून जो जो रस्ता बांधला, त्याच्या दारात माझ्यासाठी मनाईची पाटी आधी लागली आणि मग फीत कापली गेली. ७९६ सीसीची म्हातारी मारुती, चार माणसं आणि टपावर गादी घेऊन, फास्टॅग दाखवत आत जाते. मी बाहेरून तिला हात करतो आणि जुन्या हायवेला लागतो. तिथे माझ्यापुढे उसाचा ट्रॅक्टर असतो. त्याला दोन ट्रॉल्या असतात, आणि रिफ्लेक्टर नसतो.

राहिला घाट. ताम्हिणी, वरंधा, खंबाटकी. रविवारी पहाटे निघून गुडघा रस्त्याला टेकवत, नाश्त्याच्या मिसळीपर्यंत तिघांना मागे टाकणाऱ्या आपल्या शौर्यापुढे मी नतमस्तक आहे. “प्रत्येक वळण तोंडपाठ आहे” असं आपण म्हणता, ते खरंच असणार. पण आपण पाठ केलेलं असतं ते मागच्या रविवारचं वळण. या रविवारी त्याच वळणावर टेम्पोतून डिझेल सांडलेलं असतं, दरडीची खडी आलेली असते, किंवा पुण्याचं एक कुटुंब गाडी आडवी लावून माकडाला वेफर्स देत असतं. माकडाला वेगमर्यादा माहीत नसते. ते कुटुंबही वळणापलीकडून आपण येताय या आनंदाच्या बातमीपासून वंचित असतं.

गतिरोधकांविषयी काय बोलावं! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ने आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतला गतिरोधक उरलेल्या डांबराच्या मानाने आणि नगरसेवकांच्या घराच्या अंतराने ठरतो. माझ्या गाडीच्या पोटाला शहरातले सगळे उंचवटे ओळखू येतात. आपण त्यावरून ऐंशीने कसे जाता हे कोडं मला सुटलेलं नाही. आपल्या मेकॅनिकला मात्र सुटलेलं आहे, आणि त्याचं घर त्यावर चाललेलं आहे.

“एबीएस आहे ना, मग कसली भीती?” हा आपला ब्रह्मास्त्रासारखा प्रश्न. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, ही त्याची मोठीच कृपा. पण रस्ता लांबवून देण्याचं काम कंपनीने त्याच्याकडे दिलेलं नाही. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हैस दिसली, मेंदूने ‘म्हैस’ म्हटलं आणि बोटं ब्रेकवर गेली, यात एक सेकंद जातो, म्हणजे २२ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी तीसेक मीटर. आता १६० घ्या. विचार करण्यातच ४४ मीटर, आणि थांबायला १२० च्या वर, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ऐंशीवाला जिथे उभा राहून म्हशीला वाट देतो, नेमक्या त्याच जागी एकशेसाठवाल्याचा काटा अजून दीडशेवर असतो. सरकारी आकडे तर याहून रसभंग करणारे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची, आणि शंभरात सत्तरहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर. अर्थात हे सगळे दुसरे लोक होते. आपली गोष्ट वेगळी. त्या सगळ्यांचीही गोष्ट वेगळीच होती.

आता आपल्या दैवतांकडे वळू. आपण मोबाइलवर मोटोजीपी लावता आणि “याला म्हणतात गाडी चालवणं!” म्हणता. अगदी मान्य. २०२३ मध्ये मुजेल्लोच्या सरळ पट्ट्यावर ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग नोंदवला. त्याच वर्षी हीच मंडळी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर येऊन गेली. पण चाक बदलायला किंवा गाडी बदलायला यांच्यातला एखादा रायडर ट्रॅकवरून आत येतो, तेव्हा काय करतो हे आपण कधी पाहिलंत? बहुधा तेव्हाच आपण चहा आणायला उठता. पिट लेनमध्ये शिरताना तो हँडलवरचं एक बटण दाबतो आणि तीनशेच्या आसपास अश्वशक्तीची गाडी ताशी ६० वर बांधली जाते. साठ! आपल्या पालिका हद्दीइतकीच मर्यादा. ओलांडली तर जगज्जेत्यालाही शिक्षा. कारण साधं आहे, त्या गल्लीत माणसं पायी वावरत असतात.

ती माणसं प्रशिक्षित असतात, गाडी कुठून येणार हे त्यांना माहीत असतं, तरी साठ. आपल्याकडे शाळा सुटलेली असते, आजी कोथिंबीर घेऊन दुभाजकावरून उतरत असते, रिक्षा प्रवाशाचा विचार बदलेल तशी वळत असते. आपलं अख्खं शहर पिट लेन आहे, आणि आपण तिच्यात मुजेल्लोचा सरळ पट्टा शोधतो आहोत.

मर्यादेची लाज वाटत असेल, तर हायाबुसाचं उदाहरण घ्या. २००४ च्या ‘धूम’पासून आपल्याकडे लहान पोरं प्रत्येक मोठ्या गाडीला हायाबुसाच म्हणतात. १९९९ साली ती आली आणि तिने ताशी तीनशेचा आकडा ओलांडला. त्यानंतर थोड्याच काळात मोठ्या कंपन्यांनी आपसांत समजुतीने २९९ ला हात आखडता घेतला. ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच कुठेतरी थांबावंसं वाटलं. आपल्याला वाटत नाही, याचा अर्थ आपलं इंजिनीअरिंग त्यांच्याहून पुढचं असणार.

“हळू काय, कोणीही चालवेल!” असंही आपण म्हणता. गणेशोत्सवात सोसायटीत हळू सायकल चालवण्याची स्पर्धा व्हायची, आठवते? शेवटी पोचेल तो पहिला, पाय टेकला की बाद. आपण तेव्हाही पहिल्या पाच फुटांत जोरात पॅडल मारून बाद होत होता. दोनशे किलोची, पुढे वाकवून बसवणारी, हँडल जेमतेम वळणारी गाडी स्वारगेटच्या गर्दीत पाय न टेकता चालवायची तर अर्धा क्लच, मागचा ब्रेक आणि मान यांचं सूत जुळावं लागतं. नजर पुढच्या बसच्या चाकावर नाही, मोकळ्या जागेवर ठेवावी लागते. वर रेडिएटरचा पंखा मांड्या शेकत असतो. सरळ रस्त्यावर थ्रॉटल पिळायला एक मनगट लागतं. बाकी सगळं इथे लागतं.

आणि मजा? आहे की. टोलनाक्यातून बाहेर पडून चाळीसवरून ऐंशीवर जाताना पोटात जो खड्डा पडतो, तो आपल्या दीडशे सीसीला जन्मभर परवडणार नाही. तेवढा घ्यायचा आणि मनगट सोडायचं. दोन सेकंदांचा ऐवज आहे, पण चोख आहे. घाटातल्या हेअरपिनला तीसने शिरून गाडी सावकाश झोपवायची, सस्पेन्शन आपलं वजन कसं पेलतंय ते अंगाला कळू द्यायचं. चांगले ब्रेक, चांगले टायर हे चाळीसवरही चांगलेच असतात. गाडीची किंमत मी वेगासाठी मोजलेली नाही. हवं तेव्हा थांबता येण्यासाठी मोजली आहे.

एवढं करूनही वेगाची तहान भागत नसेल, तर सोय आहे. कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, समोरून ट्रॅक्टर येत नाही, रुग्णवाहिका आधीपासून उभी असते. पण मी हे सुचवलं की आपण गप्प होता, आणि मग कोणीतरी खरं बोलून जातं : “ट्रॅकवर कोण बघणार?” तेव्हा मला सगळा उलगडा होतो. कात्रजच्या बोगद्यात थ्रॉटल मारून फटाके काढायचे, ते बोगद्याला ऐकू यावेत म्हणून नव्हे. पोलीस मग ते सायलेन्सर काढून घेतात, ओळीने मांडतात आणि त्यावर रोडरोलर फिरवतात. रोलर माणसाच्या चालीने जातो. कोणाच्याही नकळत वेगमर्यादा पाळतो आणि तरीही बघायला गर्दी होते. यातून काही शिकण्यासारखं असेल तर पाहावं.

सबब आपणास नम्र विनंती की, मला मागून हेडलाइटचा डिपर मारू नये, मी झोपलेलो नाही. ओव्हरटेक करायचा झाल्यास उजवीकडून करावा, डावीकडून नव्हे. डावीकडे सायकलवाला शाळेचा मुलगा आहे, आणि त्याच्यासाठीच मी ती जागा सोडली आहे. आणि ‘टॉप किती मारली?’ या प्रश्नाचं उत्तर यापुढे कायमस्वरूपी ‘ऐंशी’ असं नोंदवून घ्यावं.

कळावे, लोभ असावा. वेग नसला तरी चालेल.

आपला,
पहिल्या गिअरमधला काका

ता. क. : आजवर या गाडीबद्दल सर्वांत शहाणा प्रश्न एका रिक्षावाल्या मामांनी विचारला. “किती देते?” मामा, ऐंशीच्या आत ठेवली तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरं देते. पळवणाऱ्यांनी हाच प्रश्न पंपावर विचारावा.