दुधात मिठाचा खडा टाकताना

२९ सप्टेंबर १९४६ ला बीबीसीची 'थर्ड प्रोग्रॅम' ही रेडिओ वाहिनी सुरू झाली, ती 'हाउ टू लिसन' या विनोदी कार्यक्रमाने. स्टीफन पॉटर आणि जॉइस ग्रेनफेल ही जोडी रेडिओ कसा ऐकावा याचे धडे देत होती. आमच्या आलापल्लीत गरज उलटी आहे. दुसऱ्याला सुखाने ऐकू, पाहू, खाऊ कसं देऊ नये, हे शिकायला इथे बरेच उत्सुक आहेत; शिकवणारा मी एकटा.

पहिला नियम म्हणजे खोटं बोलायचं नाही. थापाड्याचं कोणी मनावर घेत नाही. खऱ्याला मात्र उत्तर नसतं.

नागपूरचे पाहुणे इथल्या 'वनवैभव' जंगलात न्यावेत. जुने साग पाहून त्यांच्या माना वर, तोंडं बंद. मग हळूच सांगावं, "राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ, २०१४ चं. पण आहे किती? ६ हेक्टर. पंधरा एकरही भरत नाही." माना आपोआप खाली येतात. कोणी अभिमानाने म्हणालंच, की अयोध्येच्या मंदिराच्या दारांना आपल्याकडचा साग लागला, तर एवढंच म्हणावं, "म्हणजे इथून गेलाच ना!"

वेळ साधणं महत्त्वाचं. पावसाळ्यात भामरागडचा संगम पाहायला निघालेल्यांना, पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, हे आदल्या दिवशी सांगू नये. त्याला सल्ला म्हणतात. डबे भरून, पोरं गाडीत कोंबून झाली की सांगावं.

खरी परीक्षा मात्र झाडीपट्टीच्या नाटकात. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, मंडप पडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. रात्री दोनच्या सुमारास विधवा आई हरवलेल्या पोरासाठी हंबरडा फोडते. बायांचे पदर डोळ्यांना. शेंगदाणेवालासुद्धा पुडी हातात धरून उभा. हाच तो क्षण. खाकरावं, शेजाऱ्याच्या कानाशी लागावं आणि शेवट सांगून टाकावा. आवाज मात्र मागच्या दोन रांगांना जाईल एवढा.

गेल्या हंगामात मी नेमकं हेच केलं. बाजूला कानटोपीतले एक म्हातारबा बसले होते. म्हटलं, "बाबाजी, कायले रडता? मागच्या साली पाहिलं मी हे. पोरगा भेटते तिले शेवटी."

म्हातारबांनी नाक पुसलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नाही भेटत गा. औंदा बदलवलं त्याहिनं."

पहाटेपर्यंत मी नाटकाकडे बघत होतो, पण लक्ष कशातच नव्हतं.