आम्ही शाळा चालवत होतो तेव्हा

प्राथमिक शाळा नक्की कुठं संपते, याबद्दल महाराष्ट्रात एकमत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर पाचवीपर्यंतचं शिक्षण प्राथमिक धरलं जातं. पण खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीलाच थांबतात आणि हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. त्यामुळे पाचवीतलं पोर कायद्यानं प्राथमिक आणि गणवेशानं माध्यमिक असतं. शिष्यवृत्ती परीक्षेनं या घोळात आपली भर घातलीच. आधी ती चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडं निघाली आहे. माझ्यापुरता मी हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. प्राथमिक शाळा चौथीला संपते, कारण चौथीनंतर माझ्या हातात कधीही सत्ता आलेली नाही.

सत्ता हा शब्द उगाच वापरत नाही. 1990-91 साली सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका लहानशा गावात मी चौथीला होतो. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरीला बाई आणि तिसरी-चौथीला गुरुजी, असं कागदावर होतं. पण गुरुजी हेडमास्तरही असल्यामुळं त्यांना टपाल घेऊन तालुक्याला जावं लागे, पगाराला जावं लागे, मीटिंगला जावं लागे, आणि ज्या मीटिंगचा निरोप वेळेवर आलाच नाही तिला का आला नाहीत, हे सांगायलाही जावं लागे. उरलेल्या वेळात ते आम्हाला शिकवत, आणि चांगलं शिकवत. पण अशा शाळेत चौथीचं पोर विद्यार्थी राहत नाही, कर्मचारी होतं. तिसरीकडून पाढे म्हणून घेणं, पहिलीतल्या रडक्याला घरी पोचवणं, रांजण भरणं, हजेरीची बेरीज करणं, गुरुजींचा चहा आणणं आणि तो वाटेत कमी होऊ न देणं, ही सगळी खाती आमच्याकडं होती.

त्यात वजनदार खातं घंटेचं. लिंबाच्या फांदीला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. रेल्वे आमच्या तालुक्यात कधी आली नाही, रूळ तेवढा कुठून तरी आला होता. शाळा साडेदहाला भरायची, म्हणजे साडेदहाची एसटी आली की भरायची. घड्याळ एकट्या गुरुजींच्या मनगटावर, आणि मनगट बऱ्याचदा तालुक्याला. एसटी घाटात पंक्चर झाली त्या दिवशी साडेदहा पावणेबाराला वाजले. कुणी तक्रार केली नाही, कारण बाईही त्याच एसटीनं यायच्या.

घंटेनंतर परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. सुविचारांचा साठा दसऱ्यापर्यंत संपला आणि मग ज्याची पाळी तो जिथं मिळेल तिथून आणू लागला. एके दिवशी फळ्यावर 'हात खिडकीबाहेर काढू नये' असं सुवाच्य अक्षरात आलं. गुरुजींनी ते वाचलं, थोडा विचार केला आणि दिवसभर राहू दिलं. बातम्यांचं काम ज्यांच्या घरी रेडिओ आहे त्यांचं. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा बातम्या सांगणाऱ्याचा रुबाब एकदम वाढला. तो सद्दाम हुसेनबद्दल असा बोलायचा की जणू सद्दाम सकाळी त्यांच्याच ओट्यावर बसून गेला आहे. बातमीपत्राचा शेवट तो नेहमी, 'आणि दुकानदार म्हणतोय, रॉकेल येणार नाही,' असा करायचा. बगदादपेक्षा तेवढीच बातमी गावात पसरत असे.

ऑक्टोबरात याच बातमीदारानं मोठी गडबड केली होती. चौथीच्या भूगोलात महाराष्ट्र. जिल्हे तीस, हे आम्ही नकाशासकट पाठ केलेलं. आणि एका सकाळी परिपाठात जाहीर झालं की मुंबईचे दोन जिल्हे झाले, आता एकतीस. पुढं शाळा तपासायला साहेब आले. तपासणीत साहेब चौथीलाच प्रश्न विचारतात, कारण पहिलीला विचारला तर पोर रडतं आणि दुसरीला विचारला तर ते आईचं नाव सांगतं.

साहेबांनी विचारलं, "महाराष्ट्रात जिल्हे किती?"

आमचा बातमीदार उभा राहून म्हणाला, "पुस्तकात तीस, बातम्यांत एकतीस."

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. नकाशा अजून जुनाच होता. शेवटी साहेब म्हणाले, "परीक्षा पुस्तकावर असते," आणि शेरेबुकात 'विद्यार्थी चौकस आहेत' असं लिहून गेले.

त्या तपासणीच्या दिवशी कपाटही उघडलं होतं. खडू-फळा मोहिमेतून शाळेला पेटी भरून साहित्य आलेलं: लोहचुंबक, भिंग, काचेचा लोलक, पृथ्वीचा गोल. ते सगळं डेडस्टॉकला चढलं होतं, आणि डेडस्टॉकची वस्तू फुटली तर भरपाई पगारातून, अशी गुरुजींची समजूत होती. म्हणून विज्ञान कपाटात सुखरूप होतं. किल्ली मात्र आमच्याकडं. गोल बाहेर आला तेव्हा कुणी तरी विचारलं, "गुरुजी, आपलं गाव कुठाय?" गुरुजींनी बोट ठेवलं. बोटाखाली गाव, तालुका, जिल्हा आणि उरलेला भारतही गेला. सगळ्यांचं समाधान झालं.

चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चौथीचं पोर वर्षभर महाराजांच्या राज्यात राहतं, बाकीचा इतिहास नंतर. आमच्याकडं धडा नुसता वाचायची पद्धत नव्हती, तो करून बघायचा. आग्र्याहून सुटकेच्या दिवशी पेटारा म्हणून भाकरीची मोठी पाटी आली. पेटाऱ्यात बसायला पहिलीतलं सगळ्यात हलकं पोर घेतलं, कारण महाराज होऊ इच्छिणारे सगळे वजनानं जड होते. भांडण खरं झालं ते हिरोजी फर्जंद कोण होणार यावर. हिरोजीला पांघरूण घेऊन नुसतं पडून राहायचं असतं, आणि मदारी मेहतर त्याचे पाय चेपतो. इतकी चांगली भूमिका मराठ्यांच्या इतिहासात दुसरी नाही. जो थोराड पोरगा चौथीत दुसऱ्यांदा बसला होता त्यानं ती अनुभवाच्या जोरावर मिळवली आणि गाढ झोपला. महाराज आग्र्याहून राजगडाला पोचले, धडा संपला, मधली सुट्टी झाली, तरी हिरोजी आग्र्यातच.

याच पोराच्या वाढदिवसाचा विषय एकदा निघाला. हजेरीपटावर जन्मतारखा असत. बघतो तर त्याचा 1 जून, माझा 1 जून, शेजारच्याचा 1 जून. गुरुजींनी नाव घालताना आईबापांना विचारलं असणार, कधीचा जन्म? उत्तर आलं असणार, बाजरी काढणीच्या वेळचा. बाजरीची काढणी कोणत्या तारखेला येते ते रजिस्टरला चालत नाही, 1 जून चालतो. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांत 1 जूनला जन्मलेल्यांची गर्दी आहे, तिचं हे कारण. आणि 1 जून भर उन्हाळी सुट्टीत येतो, त्यामुळे गोळ्या वाटायचा प्रश्नच आला नाही. गुरुजींचं नियोजन पक्कं होतं.

आता शिष्यवृत्ती. गुरुजींनी त्या परीक्षेला पाच जण काढले: चार मुलगे आणि एक मुलगी. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जादा तास. मराठीशी आणि गणिताशी आमचं फार वाकडं नव्हतं. भांडण बुद्धिमत्ता चाचणीशी होतं. 'गटात न बसणारा शब्द ओळखा: बैल, घोडा, गाढव, शेळी.' गाईडच्या मते शेळी, कारण बाकीचे तिघं ओझं ओढतात. एकानं घोडा लिहिला, कारण आपल्या गावात घोडा नाही. दुसऱ्यानं बैल लिहिला, कारण बेंदूर एकट्या बैलाचाच असतो, घोड्यागाढवाला पुरणपोळी कोण घालतं? गुरुजींनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या, गाईडच्या मागची उत्तरं बघितली आणि आदेश दिला, "परश्न पुण्याच्या मानसानं काढल्यात. पुण्याचं उत्तर द्या."

पण पुण्याचं उत्तर दर वेळी देता येत नाही. पुढचा प्रश्न असा होता: 'तुझ्या आईच्या भावाची मुलगी तुझी कोण? मामेबहीण, आत्या, मावशी, वहिनी.' चौघांनी मामेबहीण लिहिलं. पाचव्यानं ठासून वहिनी लिहिलं. आदल्याच उन्हाळ्यात त्याच्या थोरल्या भावाचं लग्न मामाच्या मुलीशी झालं होतं. गुरुजी त्या लग्नाला होते, जेवले होते, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आले होते. त्यांना 'चूक' म्हणायला जड जात होतं.

"आरं, पर लग्नाच्या आधी ती तुजी कोन हुती?"

"आधीबी आमी वैनीच म्हनायचो, गुर्जी. ती रांगत हुती तवाच ठरल्यालं."

गुरुजींनी बराच वेळ कंदिलाची काच पुसली. मग 'फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणाला' या जातीचे सगळे प्रश्न त्यांनी सोडूनच दिले. आमच्या गावात एक माणूस दुसऱ्याचा एका बाजूनं मेहुणा आणि दुसऱ्या बाजूनं भाचा लागे, आणि दोन्ही बाजूंनी त्याला वेगवेगळी हाक मारली जाई. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात एका माणसाला एकच नातं होतं. अशी माणसं शहरात असतात म्हणे.

परीक्षा तोंडावर असताना जनगणना आली: 9 ते 28 फेब्रुवारी 1991. गुरुजी प्रगणक. वर्ग बाईंवर, म्हणजे आमच्यावर आला, आणि चौथीतले दोघं आळीपाळीनं गुरुजींबरोबर घरोघर हिंडू लागलो. कोणत्या घराचं कुत्रं चावतं आणि कोणतं नुसतं भुंकतं, ही माहिती सरकारी तक्त्यात नव्हती, आमच्याकडं होती. आणि मुख्य अडचणही आम्हीच सोडवत होतो. गुरुजी विचारायचे, "मालकांचं नाव?" बाई पदर सावरून भिंतीकडं बघायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? मग गुरुजी आमच्याकडं बघत आणि आम्ही खणखणीत आवाजात नाव सांगत असू. गावातल्या सगळ्या कारभाऱ्यांची नावं दप्तरी चढली ती अशी पोरांच्या तोंडून. एका हौशी बाईनं मात्र उखाण्यात नाव घेतलं. उखाणा लांबलचक आणि नाव अगदी शेवटी. रकाना तेवढा मोठा नव्हता.

एका म्हातारीकडं गुरुजी अडकले. घरात किती माणसं? म्हातारी बोटं मोजत म्हणाली, सात. समोर चारच. बाकीचे तिघं मुंबईला माथाडी.

"आज्जी, मुंबईला ऱ्हात्यात ते तिथं मोजतील."

"तितं कोन मोजतंय त्यास्नी, गुर्जी?" म्हातारी म्हणाली. "हितं लिवा."

गुरुजींनी चारच लिहिले, पण पुढच्या घराकडं जाताना ते काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी चहाही मागवला नाही.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला तोवर शाळा सोडल्याचे दाखले आमच्या हातात पडले होते. 'वर्तणूक चांगली, प्रगती बरी.' सगळ्यांना तेच, हिरोजीलासुद्धा. पाचांतून शिष्यवृत्ती एकीला मिळाली, मुलीला. यात आश्चर्य नव्हतं. सारवण, हजेरी, तिसरीचे पाढे ही खरी कामं ती आणि तिच्या मैत्रिणी करायच्या, आम्ही रूळ वाजवायचो. पण हायस्कूल दुसऱ्या गावाला आणि वाट ओढ्यातून, त्यामुळं तिच्या वडलांनी तिचं नाव पुढं घातलंच नव्हतं. गुरुजी त्यांच्या घरी गेले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे ते एका शब्दानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसं पाचवीत नाव आसंल तरच मिळत्यात." वडलांनी हिशेब केला. दुसऱ्या दिवशी ती हायस्कुलात आली, आणि सोबतीला हव्यात म्हणून आणखी दोघी आल्या. बाकीच्या मुलींना कुणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. त्या आल्या नाहीत.

पाचवीत इंग्रजी सुरू झालं, तेव्हा ते पाचवीलाच सुरू व्हायचं. एबीसीडीपुढं तिसापर्यंतचे पाढे आणि एकतीस जिल्हे काही कामाचे नव्हते. वर्गात साठ पोरं, आणि शाळेत सगळ्यात लहान आम्हीच. पहिल्याच दिवशी मधली सुट्टी संपायची वेळ झाली तेव्हा आमचा हिरोजी सवयीनं उठला आणि ऑफिसच्या बाहेर टांगलेल्या पितळी घंटेकडं चालत गेला. टोलाला हात घालतो न घालतो तोच आतून खाकी कपड्यातला माणूस धावत आला आणि त्यानं त्याचा कान धरला. त्या शाळेत घंटा वाजवायला सरकारनं पगारी शिपाई नेमला होता.

"पगार किती?" हिरोजीनं कान सोडवत विचारलं.