रेफ्री काका

पुसदच्या कुठल्याही लेआउटात जा, एक ओपन स्पेस असते आणि तिच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा देणारा एक माणूस असतो. ओपन स्पेस नियमाने असते; लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. माणूस मात्र स्वतःच्या हौसेने असतो. आमच्याकडे त्याला सगळे रेफ्री काका म्हणतात. निवृत्त, सडपातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी आंघोळीच्या वेळी तरी उतरते का, यावर काकूंनी आजवर मौन पाळलं आहे.

काकांचा जीव व्हॉलीबॉलवर. त्यांच्या उमेदीच्या काळात सर्व्हिस ज्याची, गुण त्याचाच, सेट पंधराचा. पुढे गेल्या शतकाच्या शेवटी नियम बदलला, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला आणि सेट पंचविसाचा झाला. जगाने हा बदल स्वीकारला, काकांनी अजून मंजुरी दिलेली नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक मॅचचे दोन स्कोअर असतात. पोट्टे २५-१८ ने जिंकून घरी जेवायला बसलेले असतात, काकांच्या वहीत सेट ९-७ वर चालूच असतो.

मधली काही वर्षं हे कोर्ट बंद होतं. कोर्ट बंद करा, असं कोणी म्हटलं नव्हतं. बॉल फुटला, नवा कोणी आणला नाही. नेट उन्हात कुजलं. मग समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं आणि ‘दोन दिवसांसाठी’ रेती पडली. रेतीच्या सोबतीला गिट्टी आली, गिट्टीभोवती गाजरगवत उगवलं. एका खांबावरून केबलची वायर गेली, दुसऱ्याला कोणीतरी शेळी बांधली. काका तरीही रोज संध्याकाळी यायचे. शेळीने मान वर करून तार हुंगली की शिट्टी वाजायची, ‘नेट टच!’ शेळीने एकदाही पंचांशी वाद घातला नाही. त्या काळात काकांना मिळालेली ही एकमेव शिस्तीची खेळाडू.

शेवटी जागेचं काय करायचं यासाठी मीटिंग बसली. ज्या तालुक्याने राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन मुख्यमंत्री दिले, तिथे ओपन स्पेसच्या मीटिंगलाही लोक अधिवेशनाच्या तयारीने येतात. एकाला मंदिर हवं होतं. काका म्हणाले, ‘मंदिर पुढच्या गल्लीत हायच. तिथं हप्त्यात किती येळा जाता, ते सांगा आधी.’ दुसऱ्याला सभागृह हवं होतं, तिसऱ्याला गाड्या लावायला जागा. चौथ्याने तर गट्टू बसवून ओपन जिम करू, म्हणत मोबाइलवर फोटोच दाखवला. काका उभे राहिले. ‘गट्टूवर एक डाइव्ह मारून दाखवा भाऊ. मंग खुशाल लावा.’ सभेत कोणीच डाइव्ह मारली नाही. ठराव एकमताने कोर्टाच्या बाजूने गेला.

मग काकांनी सगळ्यांना कामाला लावलं. आमची माती काळी. कापसाला ती सोन्यासारखी, खेळाला मात्र वैरीण. उन्हाळ्यात बूट अडकेल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात चिखल थेट घरापर्यंत सोडायला येतो. म्हणून वरची माती खरवडली, मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला, पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी. जुनं कोर्ट पूर्व-पश्चिम होतं. संध्याकाळी एका बाजूच्या सहाही जणांना सूर्य आणि बॉल यांतला फरक कळायचा नाही. काकांनी खांब उपटून कोर्ट दक्षिणोत्तर फिरवलं. ‘तिकडच्या बाजूनं आम्ही किती मॅच हारलो, माहीत हाय का?’ एवढंच म्हणाले. तो आकडा वहीत आहे, असा आम्हाला संशय आहे.

आखणीचा दिवस पाहण्यासारखा होता. चार खुंट्या, सुतळी, टेप आणि फक्कीचं पोतं. १८ बाय ९ मीटरचा चौकोन आखून झाला, पोरांनी फक्कीत हात घातला, तोच शिट्टी. ‘कर्ण मोजला का बे?’ दोन्ही कर्ण २० मीटर १२ सेंटिमीटर भरल्याशिवाय चौकोन काटकोनी म्हणायचा नाही. एक भरला, दुसरा चार बोटं कमी. खुंटी उपटा, पुन्हा ठोका. रेघ पाच सेंटिमीटरचीच पडावी म्हणून दोन फळ्या तेवढ्या अंतरावर धरून मधून फक्की सोडायची. अंधार पडला तेव्हा काका मोबाइलच्या उजेडात गुडघ्यावर बसून कोपऱ्यावरची सांडलेली फक्की फुंकरीने साफ करत होते.

नेट लागलं, २.४३ मीटरवर, पुरुषांच्या नियमाप्रमाणे. पुरुष आठवडाभर आले. त्यानंतर कोणाचा गुडघा, कोणाचं लग्नसराईचं काम, कोणाची आयपीएल. कोर्ट पुन्हा ओस पडू लागलं. एका संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच वहिनी कडेला उभ्या राहिल्या. ‘आम्हीबी खेळू का?’ काका खुशीत आले. पण एकीने नेटकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘काका, येवढ्या उंच तं आम्ही वाळवणाची दोरीबी बांधत नाही.’ काकांनी नेट २.२४ वर आणलं, महिलांच्या नियमाप्रमाणे. तेही उंचच. त्याहून खाली आणायचं तर नियम आडवा येत होता. काका दोन दिवस फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते विजयी मुद्रेने. हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावात विल्यम मॉर्गन यांनी काढला, तोच मुळी बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी; आणि तेव्हा नेट होतं साडेसहा फुटांवर! काकांनी खांबाला साडेसहा फुटांवर आणखी एक हूक लावून घेतला. आपण नियम वाकवला असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीचा नियम शोधून आणला होता.

आता साडेपाचला पोरं, सहाला वहिन्या, सातला पोट सुटलेली मंडळी. नेट वर-खाली होतं, शिट्टी तेवढीच कडक राहते. परवा एका वहिनीचा पाय सर्व्हिसच्या वेळी रेघेवर पडला, तर काकांनी गुण काढून घेतला. त्या वहिनी काकूंच्या सख्ख्या भाचसून आहेत.

मुरूम, खांब, नेट यांचा खर्च एकदाच करावा लागतो. पण नेट रोज बांधावं लागतं, रोज सोडून घरी न्यावं लागतं, आणि पाऊस आला की रेघा पुन्हा माराव्या लागतात. त्या कामाचं टेंडर निघत नाही. तुमच्या लेआउटातही गळ्यात शिट्टी अडकवलेला असा कोणी असेल, तर त्याला हार-तुरे नकोत. सुतळीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा. जाऊन धरा. चार बोटं इकडेतिकडे धरलं, तर शिट्टी ऐकायची तयारी ठेवा.