उंदराला पेडगावचा पाला पाजण्याची सोपी रीत

ही मार्गदर्शिका पेडगावच्या त्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांनी औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतलाय, ज्यांचं दुसरं वर्ष उजाडलंय आणि प्रबंधाचा विषय मात्र अजून ठरलेला नाही. घाबरू नका, विषय तुमच्या बांधावर उगवलाय. परभणीहून मनमाडच्या बाजूला गाडी निघाली की मानवत रोडच्या अलीकडे आपलं गाव. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि बांधाला कोणी न लावलेलं भरपूर औषधी रान. वेड पांघरून पेडगावला जायचं असतं, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. (म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमाकाठचं, असं तिकडची मंडळी म्हणतात. म्हणोत.) आपल्याला वेड पांघरून पेडगावहून निघायचंय. उत्तर आधीच ठरलेलं असताना ते ठाऊकच नाही असं दाखवत दोन वर्षं शोधत राहायचं, एवढीच ती विद्या.

वनस्पती निवडणे

कंबरमोडी घ्या. पुण्याकडे हिला दगडी पाला म्हणतात. विळा लागला की बाया हिचा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळतात. हिच्यावर आधीच ढीगभर लेख आलेले असणं हा दोष नाही, सोय आहे. संदर्भसूची आयती मिळते. नावीन्य दाखवायचं तर आधीच्यांनी पान घेतलं असेल तिथे तुम्ही मूळ घ्या, त्यांनी मिथेनॉल वापरलं असेल तर तुम्ही इथेनॉल वापरा. तरीही कोणी अडवलंच, तर पेडगावच्या कंबरमोडीवर जगात कुणीही काम केलेलं नाही, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता.

झाडाची ओळख पटवण्यासाठी नमुना दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत पाठवता येतो. क्रमांक मिळतो, नमुना जपला जातो, उद्या कुणाला शंका आली तर काढून बघता येतो. नवशिक्याला एवढा उपद्व्याप कशाला? शेतातून पोतं भरून आणा आणि 'तज्ज्ञांकडून ओळख पटवली' असं लिहून टाका. तज्ज्ञ म्हणजे तुमचे चुलते.

आता हा उपद्व्याप कशासाठी असतो, तेही ऐकून ठेवा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. कोरोनाच्या भीतीने त्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हे छापून आलं तेव्हा आयुष मंत्रालयाने पहिलाच आक्षेप घेतला, की ती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते. वाद बराच रंगला. माणसाच्या पोटात गेल्यावर जो प्रश्न विचारला गेला, तो तोडतानाच विचारायचा असतो.

अर्क

पाला सावलीत वाळवा, भरड कुटा, सॉक्सलेटमध्ये घाला, रात्रभर द्रावक फिरू द्या. सकाळी ते उडवून टाकलं की हिरवट काळा, चिकट, डांबरासारखा गोळा उरतो. यालाच प्रबंधात 'अर्क' म्हणायचं. गावात वापरतात तो ताजा रस आणि हा गोळा एक नव्हेत, ही गोष्ट फार बोलायची नाही. मग परीक्षानळीत चार रंग बदलून दाखवा. अल्कलॉइड आहेत, फ्लॅव्होनॉइड आहेत, टॅनिन आहेत, सॅपोनिन आहेत. पेडगावच्या रस्त्याकडेचं कुठलंही झुडूप उपटून तपासलं तरी यातलं बरंच काही सापडेल, पण तक्ता भरलेला दिसतो. कुठलं द्रव्य किती आहे हे मोजायला गेलात तर वर्ष जाईल.

आजार

जखमेवरची वनस्पती आहे, म्हणून जखमेवर तपासावी, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही अजून शेतकऱ्यासारखा विचार करताय. मधुमेह घ्या. मधुमेहाला वाचक आहे, अनुदान आहे आणि गावातल्या प्रत्येक घरात एक रुग्ण आहे.

उंदराला मधुमेह नसतो, तो लावावा लागतो. ॲलोक्सन टोचलं की स्वादुपिंडातल्या इन्शुलीन करणाऱ्या बीटा पेशी मरतात आणि साखर चढते. पारावर बसलेल्या काकांना हे सांगू नका. आमच्या एका काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग दुखणं बी तुमचंच आन् औषध बी तुमचंच. उंदराचं काय हाय त्यात?" त्यांना शास्त्र समजत नाही. पण काकांनी न विचारलेला एक प्रश्न आहे, तो परीक्षकही सहसा विचारत नाहीत. घराघरातला मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात इन्शुलीन असतं, शरीर त्याला दाद देत नाही. तुमच्या उंदरात इन्शुलीनचा कारखानाच जाळलेला आहे. आणि तुलनेसाठी ठेवलेलं ग्लायबेनक्लामाइड हे औषध उरलेल्या बीटा पेशींना हाकलून इन्शुलीन काढायला लावतं. पेशी खरंच संपल्या असतील तर ते चालायलाच नको. तुमच्या तक्त्यात ते झकास चालतं. याचा अर्थ पेशी बऱ्याच शिल्लक होत्या, आणि ॲलोक्सनचे काही उंदीर कोणी काही न देताही सावरतात. तो सावरलेला उंदीर नेमका कंबरमोडीच्या पिंजऱ्यात असला, तर त्याला नशीब म्हणायचं नाही, 'लक्षणीय घट' म्हणायचं.

समिती

१९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली १९९८ साली प्रयोगांचे नियम आले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असते, तिच्यापुढे ब नमुन्यातला अर्ज भरायचा. त्यात विचारतात, एवढे प्राणी का? खरं उत्तर असं, की आमच्या वरच्या वर्गातल्या दादाने दर गटात सहा घेतले होते आणि त्याच्याही दादाने सहाच. पाच गट: निरोगी, मधुमेही, ग्लायबेनक्लामाइडवाले, कमी डोसवाले, जास्त डोसवाले. झाले तीस. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली सांगितलं, की शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरा, प्राण्यांची संख्या घटवा, त्रास कमी करा. भारताने त्यात चौथी गोष्ट घातली, प्रयोगानंतर प्राण्याचं पुनर्वसन. अर्जात चारही गोष्टी सुवाच्य अक्षरात लिहा.

डोस

हे प्रकरण अगदी सोपं आहे. किलोमागे २००० मिलिग्रॅम पाजा. उंदीर मेला नाही की औषध सुरक्षित. त्याचा दहावा भाग २००, पाचवा भाग ४००. झाले तुमचे दोन डोस. उंदीर बदलला, झाड बदललं, रोग बदलला, तरी २०० आणि ४०० सुटत नाहीत.

पण डोसाचा हिशेब पारावर सांगायची वेळ आलीच, तर जरा सांभाळून. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात, कारण लहान जनावराचं शरीर औषध भराभर संपवतं. ४०० ला भागलं तर किलोमागे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे चार ग्रॅम डांबर. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघाला असं धरा, तर रोज चाळीस ग्रॅम वाळला पाला, तोही जन्मभर. काका लगेच विचारतील, "आन् शेरडांनी काय खायचं?"

एक आडवाट

इथे जरा थांबून, ज्यांनी ही सोपी रीत वापरली नाही त्यांच्याविषयी सांगतो. मार्गदर्शिकेत हे बसत नाही, पण वगळवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे या औषधशास्त्राच्या मंडळींनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी गुळवेलीला आधी रोग देऊ केला नाही, आधी प्रश्न शोधला. पित्तमार्ग बंद पडून कावीळ झालेले रुग्ण शस्त्रक्रियेत बऱ्याचदा दगावतात ते जंतुसंसर्गाने. म्हणून उंदरांचा पित्तमार्ग बंद करून त्यांची संसर्गाशी लढण्याची ताकद कशी ढासळते आणि गुळवेलीने ती सावरते का, हे पाहिलं. मग तिथल्याच शल्यचिकित्सकांना सोबत घेऊन रुग्णांवर तपासलं आणि १९९३ मध्ये छापलं. उंदीर तिथे वाटेवरचा एक टप्पा होता. त्याच डहाणूकर मराठीत झाडाफुलांवर गोड पुस्तकंही लिहीत, ही माझ्या मते योगायोगाची गोष्ट नाही.

त्याच्याही आधी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडली. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या लोकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. उलटी गोष्टही ऐका. १९६६ साली बनारसला जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर दाखवलं की गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते. त्यातून औषध बाजारात आलं. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे रीतसर चाचणी झाली, तर वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडं चढलंच. सशाने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला माणसाविषयी विचारलंच नव्हतं.

असो. परत आपल्या रीतीकडे.

पाजणे आणि मोजणे

पिंजऱ्यात हात घातला की पहिल्यांदा हाती लागतो तो मंद उंदीर. त्याला मधुमेही गटात टाका. चपळ उंदीर शेवटी सापडतो, तो आपसूक औषधाच्या गटात जातो. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची पद्धत आहे, पण त्यात निकालाची खात्री राहत नाही. कुठल्या पिंजऱ्यात काय चाललंय हे मोजणाऱ्याला कळू नये असंही शास्त्र सांगतं. वेड पांघरण्यातला हा एकच प्रकार संशोधनाला खरोखर उपयोगी आहे, आणि नेमका तोच आपण टाळतो, कारण पिंजऱ्यावर 'कंबरमोडी ४००' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

आकडे पसरले तर घाबरू नये. प्रमाण विचलनाऐवजी सरासरीची प्रमाण त्रुटी लिहा. सहा उंदरांत विचलनाला सुमारे अडीचने भागलं जातं आणि आलेखातल्या मिशा एकदम आखूड होतात. एखादा उंदीर फारच हट्टी निघाला, तर तो अठराव्या दिवशी 'प्रयोगाशी संबंध नसलेल्या कारणाने' मेला असं समजा.

तोंडी परीक्षा

बाहेरून आलेले परीक्षक बहुधा दुपारच्या गाडीच्या घाईत असतात. अर्क कोणत्या तापमानाला ठेवला? चार अंश. सांख्यिकी कोणती? एकमार्गी ॲनोव्हा, पुढे डनेट. कार्य कसं होतं? फ्लॅव्होनॉइडमुळे. पुढे काय? सक्रिय घटक वेगळा करण्यासाठी अधिक संशोधन आवश्यक. चारही उत्तरं कुठल्याही झाडाला चालतात, पाठ करून ठेवा.

क्वचित एखादे परीक्षक चष्मा काढून विचारतात, "समजा उंदरांची साखर उतरलीच नसती, तर तुम्ही काय लिहिलं असतं?" गोंधळू नका. नजर खाली, आवाज नम्र: "डोस कमी पडला असता सर. पुढच्या बॅचला ८०० दिला असता."