दिसू नये म्हणून

अमेरिकेत वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जाणारा माणूस उजाडायच्या आत एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो. अंगभर झाडपाल्याच्या छापाचे कपडे, तोंडावर जाळी, हातात मोजे. टर्कीचं नाक यथातथाच, पण नजर अशी की बोट हललं तरी स्वारी पसार. लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर वर्ज्य. कारण नर टर्कीचं डोकं नेमकं याच रंगांचं असतं आणि पलीकडच्या झाडीत दुसरा शिकारी बंदूक रोखून बसलेला असू शकतो. म्हणजे सर्दी झाली म्हणून पांढरा रुमाल बाहेर काढला, तर सर्दीचा कायमचाच बंदोबस्त होण्याची शक्यता!

हे सगळं कळल्यावर मी आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडचा विचार करू लागलो. या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला न दिसता बसणं जमेल का? हा रस्ता मुळात आहेच दिसण्यासाठी. अशोक स्तंभाहून निघून आनंदवलीकडे जाताना डोकं वर करावं, तर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले भाऊ, त्यांच्याभोवती शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे, आणि खाली ‘भावी नगरसेवक’. संध्याकाळी कॅफेत जागा मिळाली तरी मंडळी काचेजवळचं टेबल रिकामं होईपर्यंत दारात उभी राहतात. झाडपाल्याच्या छापाच्या पँटी इथेही खपतात, पण बुलेटवरून कॉलेजला जाताना सगळ्यांनी वळून बघावं म्हणून.

पक्ष्याला फसवायला कपडे लागतात हा आपला समज अर्धाच खरा. रंग त्याला दिसतात, किंबहुना आपल्याहून चांगले दिसतात. पण त्याला आधी टिपायची असते ती हालचाल. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान फारशी न वळवता त्याला जवळजवळ सगळा आसमंत दिसतो. छापील जाकीट दुकानात मिळतं. स्वस्थ बसणं कुठे विकत मिळत नाही. मिळत असतं तर गंगापूर रोडवर त्याचीही शोरूम निघाली असती.

टर्की आपल्याकडे रानात नाही, पण तिचे भाऊबंद आहेत. मोर, लावा, तितर हे सगळे त्याच कुळातले. गंगापूर धरणाच्या बाजूला, जिथे अजून प्लॉट पडलेले नाहीत अशा माळावर, सकाळी तितर ओरडतो. आवाज अगदी पायाशी वाटतो आणि पक्षी काही दिसत नाही. उडण्यापेक्षा पळण्यावर त्याचा भरवसा. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता त्याच्या वाटेला जाता येत नाही, हे बरंच झालं. आता त्याच्यामागे फक्त कॅमेरेवाले लागतात. तेही हातभर लांबीची लेन्स घेऊन झुडपाआड दबा धरतात आणि एकमेकांना मोठ्याने विचारतात, “मिळाला का रे?”

ही विद्या खरी येत होती ती फासेपारध्यांना. माळावर आडोसा नसतो, म्हणून ते शिकवलेली गाय पुढे घालून तिच्या आडून चालत. गाय चरत चरत सरकणार, माणूस तिच्या चालीने सरकणार. पाखरू गायीला कशाला भिईल? इंग्रजांनी 1871 च्या कायद्याच्या आधाराने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यात पारधीही आले. तो शिक्का कायद्यातून 1952 साली पुसला, लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. आणि आज अकोला-वाशीमकडचे काही फासेपारधी तीच नजर तणमोर हा पक्षी वाचवायला वापरतात. तणमोर एरवी गवतात असा मुरतो की सापडू नये. पण पावसाळ्यात मादीला दिसावं म्हणून नर गवताच्या वर उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा. शिकाऱ्यांनी त्याला नेमका त्याच दिवसांत गाठला. टर्कीचंही तेच. मादीचा आवाज काढला की स्वारी पिसारा फुलवून बंदुकीसमोर हजर. दिसण्याची हौस कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही. भावी नगरसेवकांनी यावर विचार करावा.

आपल्यासारख्यांची परीक्षा बुद्ध पौर्णिमेला होते. वैशाखात पाणवठे आटलेले असतात, चांदणं लख्ख असतं, आणि वनखातं हौशी लोकांना रात्रभर मचाणावर बसवून प्राणी मोजायला लावतं. नाशिककर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जातात. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणं नको, मोबाईल नको. पहिला तास माणूस ऋषी असतो. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. मग डासांना आपला पत्ता लागतो. पायाला मुंग्या येतात. याच सुमाराला आमच्या सोसायटीतले एक काका चिवड्याची पिशवी उघडतात. त्या प्लॅस्टिकचा आवाज दिवसा ऐकूही येत नाही; मचाणावर मात्र तो दरड कोसळल्यासारखा वाटतो. शेजारचा वनमजूर कुजबुजतो, “काका, भेकर पाण्यावर यायलंच होतं.” काका हळूच विचारतात, “मग आता चिवडा खायला हरकत नाही ना?”

न दिसता राहण्याच्या बाबतीत बिबट्या आपला गुरू. उसात, नाल्यात, बंगल्यांच्या मागच्या गवतात तो कुणाच्या नकळत राहतो. 2019 च्या जानेवारीत एक बिबट्या गंगापूर रोडलगतच्या सावरकरनगरात शिरला, तेव्हा त्याला दिसायचं नव्हतं आणि आपल्या सगळ्यांना तो बघायचा होता. गल्लीत गर्दी, गच्चीवर गर्दी, हातात मोबाईल. लपायला जागा न उरलेलं जनावर जे करतं ते त्याने केलं. माणसं जखमी झाली, त्यांत कॅमेरा घेऊन जवळ गेलेलेही होते. शेवटी बेशुद्ध करून त्याला नेलं. त्या दिवशी सगळे घरात नुसते गप्प बसले असते तर वनखात्याचं काम निम्म्याने हलकं झालं असतं.

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणार असाल (आणि जाच, ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे), तर एवढं करा. पांढरा शर्ट घरी ठेवा. चापडगावच्या मनोऱ्यावर चढलात की “ते बघ, ते बघ” म्हणून हात लांब करू नका. सोबतच्याला दिशा तोंडाने सांगा, तीही हळू. आणि चिवडा खाऊनच वर चढा.