चौकशीपंत

मुलाला कराटेला घालणं हा आमच्या डोंबिवलीत काही चर्चेचा विषय नाही. शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार क्लास असतो, फाटकावर फ्लेक्स असतो आणि त्या फ्लेक्सवर एक माणूस हवेत आडवा होऊन कुणाला तरी लाथ मारत असतो. आई फोन लावते, फी भरते, पांढरा ड्रेस दोन साइज मोठा घेते, कारण मुलं वाढतात. संपलं. पण दर सोसायटीत एक बाप असा असतो की त्याच्या लेखी फ्लेक्स वाचून झाल्यावर कामाला नुसती सुरुवात होते. आमच्या बी विंगमधल्या अशा बापाचं खरं नाव राहू दे. सगळे त्यांना चौकशीपंत म्हणतात. हे नाव कुणी पाडलं, याचीही त्यांची चौकशी करून झाली आहे.

"मी फक्त चौकशी करतोय, घाई काहीच नाही," हे पंतांचं पेटंट वाक्य. मिक्सर असो, मुदत ठेव असो, देवगड हापूसची पेटी असो, पंत आधी चार ठिकाणी विचारतात, मग पहिल्या ठिकाणी परत जाऊन चौथ्याने काय सांगितलं ते सांगतात. पेटीचा निर्णय होईपर्यंत बहुतेक वेळा पहिला पाऊस पडून जातो. घरात त्याबद्दल तक्रार नाही. वहिनी परस्पर पेटी आणतात आणि पंतांची चौकशी चालू राहते.

चिरंजीवांच्या क्लासचं प्रकरण डब्यावरून निघालं. चिरंजीव पहिलीत. बाकावरचा शेजारी रोज यांच्या डब्यातली गूळपोळी आधी खातो, असं कळलं. "मग तू काय म्हणालास?" वहिनींनी विचारलं. "मी म्हटलं, तुझं होऊ दे आधी." वहिनींनी वळून पंतांकडे पाहिलं. कारण हे वाक्य सबंध डोंबिवली पूर्वेला पंतांच्या आवाजात ठाऊक आहे. भाजीवाल्याकडे, बँकेत, रिक्षाच्या रांगेत, पंत सगळ्यांना "तुमचं होऊ द्या आधी" म्हणत मागे सरकत असतात. फास्ट लोकलच्या दारातही ते हेच करतात आणि अधूनमधून कल्याणला जाऊन परत येतात.

त्याच रात्री बँकेने दिलेली जुनी डायरी बाहेर निघाली. पंतांनी पट्टीने रकाने आखले: फी, अंतर, स्टाइल, सरांचा आवाज, पार्किंग, टॉयलेटला आतून कडी आहे का. पंतांकडे गाडी नाही. पण पार्किंगचा रकाना असावा, उद्याचं कुणी सांगावं?

पहिला नंबर शाळेच्या हॉलचा. पंत चपला काढून, दाराशी अंग चोरून उभे राहिले आणि क्लास सुटल्यावर म्हणाले, "सर, एक शंका होती. आपलं शोतोकान की गोजू-र्यू?" त्या सरांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांना आजवर पालकांनी फक्त फी आणि वेळ विचारली होती. पंतांना मात्र एव्हाना सगळं पाठ होतं. कराटेवाले फुनाकोशी ओकिनावाहून 1922 साली टोकियोला कसे आले, त्याआधी कानोंनी 1882 साली ज्युदोची कोडोकान कशी काढली, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची पद्धत मुळात ज्युदोची आणि कराटेने ती मागाहून कशी उचलली, हे त्यांनी सरांनाच समजावून दिलं. "आणि गंमत बघा, फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. कानोही मास्तरच!" पंतांचे वडील मुख्याध्यापक होते. त्यामुळे या माहितीने कराटे आणि ज्युदो दोन्हींना पाच-पाच मार्क जादा मिळाले.

दुसऱ्या एका ठिकाणी सर म्हणाले, "दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, गॅरंटी." पंत काही बोलले नाहीत. जिन्यात थांबून त्यांनी त्या पानावर काट मारली. मला म्हणाले, "दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी. हा माणूस कराटे शिकवत नाही, पट्टे विकतो. आठ वर्षांच्या पोराला ब्लॅक बेल्ट दिला तर नवव्या वर्षी त्याने करायचं काय?" पंतांचं हे असंच आहे. शंभर प्रश्न असे विचारतील की समोरच्याने कपाळ बडवावं, आणि एकशे एकावा अगदी वर्मावर बसेल.

ज्युदोचा क्लास बघून पंत खूश होऊन आले. "अगं, तिथे सुरुवातीला कुणाला पाडत नाहीत. नुसतं पडायला शिकवतात! हनुवटी छातीशी, तळहात गादीवर आपटायचा, डोकं टेकवायचं नाही."

"पडायला त्याला शिकवावं लागत नाही," वहिनी पोळी उलटत म्हणाल्या.

तायक्वांदोवर त्यांचा अभिप्राय याहून छोटा होता. न्यू जर्सीच्या नणंदेने व्हिडिओ कॉलवर "इकडे सगळी मुलं तायक्वांदोलाच जातात, पायांचं काम फार छान असतं" असं सांगितलं, तेव्हा वहिनींनी दाराच्या खालच्या फळीवरचे डाग कॅमेऱ्यात दाखवले.

पंत मात्र आता पुढचा विचार करत होते. "कराटे टोकियोच्या ऑलिंपिकला होतं, पॅरिसला वगळलं. ज्युदो 1964 साली आला, 1968 ला नव्हता, 1972 पासून पक्का. तायक्वांदोला 2000 पासून पदकं आहेत. समजा, आपण याला कराटेला घातलं आणि ऐन वेळी..." ज्याच्याबद्दल ही चिंता चालली होती तो गृहस्थ त्या वेळी डाव्या पायात उजवा बूट घालून लिफ्टची वाट बघत होता.

आजोबांनी मग तोंड उघडलं. मुख्याध्यापक असल्यामुळे ते उघडलं की तास पूर्ण झाल्याशिवाय मिटत नाही. "जपान-कोरिया कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. दादरला शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिर आहे. कोल्हापूरला मर्दानी खेळ आहेत, दांडपट्टा आहे. आणि खाशाबा जाधवांच्या कमरेला कुठला रंगीत पट्टा होता रे? 1952 साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले!" पंतांनी वडिलांचं सगळं ऐकून घेतलं, डायरीत 'मल्लखांब' असं पान उघडलं आणि खाली लिहिलं: 'खांबाला एरंडेल लावतात. कपडे कोण धुणार?' वहिनींनी ते वाचलं आणि उत्तर तिथेच पेनाने लिहिलं. ते मला दाखवलं नाही.

अखेर शाळेच्या हॉलमधल्या पहिल्याच सरांकडे ट्रायल ठरली. ए विंगमधली नारिंगी पट्ट्याची मुलगी चिरंजीवांना हात धरून आत घेऊन गेली. पंत भिंतीशी, डायरी उघडून. मी सोबतीला होतो, म्हणजे डायरीत साक्षीदार लागतो म्हणून.

चिरंजीवांनी आधी सरांना वाकून नमस्कार केला, मग शेजारच्या मुलीला, मग वॉटर कूलरला. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एका लहानग्याचा पट्टा सुटला होता. त्याने तो ॲप्रनसारखा मागे बांधून फुलाची गाठ मारली होती. सर गुडघ्यावर बसले, गाठ सोडली, पट्ट्याचा मध्य त्याच्या बेंबीवर धरला, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणली, एक टोक दोन्ही पदरांच्या खालून वर काढलं आणि गाठ आवळली. मग दोन्ही टोकं सारखी आहेत का ते मापून दाखवलं. आणि पुन्हा सगळं सोडून टाकलं. "आता तू." पोराचं चुकलं. परत सोडलं. परत चुकलं. बाकीचा वर्ग सिनियर मुलीच्या हाकेवर पंच मारत होता, सर एकदाही ओरडले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. मी पंतांकडे बघितलं. 'सरांचा आवाज' हा रकाना कोराच होता आणि पेन टोपण लावून खिशात गेलं होतं.

चिरंजीवांचं मन वळवणारं कारण मात्र वेगळंच निघालं. पंच मारताना सगळी मुलं पोटातून एकदम ओरडली. याने नुसतं तोंड हलवलं. सर म्हणाले, "ऐकू नाही आलं. अजून जोरात." मुलाने आधी बाबांकडे पाहिलं. जन्मापासून त्याला जो तो सांगत आला होता की ओरडू नको, खाली आजी झोपल्यात. इथे एक मोठा माणूस चक्क ओरड म्हणत होता. मग जो आवाज निघाला त्याने पंतांच्या हातातली डायरी पडली. घरी जाताना चिरंजीवांनी जाहीर केलं, "मी इथेच येणार." स्टाइल कुठली हे त्यांनी विचारलं नाही.

आता खालच्या आजी संध्याकाळी झोपत नाहीत. गूळपोळीचं म्हणाल तर चिरंजीव हल्ली डब्यातून दोन नेतात, एक आपली, एक शेजाऱ्याची. हे कराटेमुळे झालं की वहिनींमुळे, याची पंत चौकशी करत आहेत.

आणि गेल्या महिन्यात वहिनींनी मुलाला सोडायला गेल्या असताना मोठ्यांच्या बॅचची वेळ विचारली, तिथल्या तिथे मोबाइलवरून फी भरली आणि घरी येऊन कुकर लावला. पंत हबकले. "अगं, निदान एक दिवस बघून तरी यायचंस!" "बघितलं की. तुम्ही बघत होतात तेव्हा मीच कितीदा डबा द्यायला येत होते?"

त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पंत हॉलबाहेरच्या बाकावर दोन पाण्याच्या बाटल्या आणि डायरी घेऊन बसलेले असतात. नवे पालक आपोआप त्यांच्याकडे येतात. परवा एक तरुण बाप आला, कडेवर तीन वर्षांची मुलगी. "काका, हिला कधी घालू? आणि कुठली स्टाइल चांगली?"

मी घड्याळ बघितलं. फुनाकोशी ओकिनावाहून निघणार, हे उघड होतं. पण पंत म्हणाले, "तीन वर्षांची आहे ना? अजून दोन-तीन वर्षं खेळू द्या अंगणात. मग स्टाइलबिइल सोडा, सर पोराचा पट्टा कसा बांधतात ते बघा."

तो आभार मानून फाटकापर्यंत पोहोचला, आणि पंत उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत, पोटातून आवाज काढला.

"अहो! आणि टॉयलेटला आतून कडी!"